डॉक्टरांनी दोन कॉलेजं तपासली

लिफ्टच्या मोटारीची खोली इमारतीच्या अगदी डोक्यावर असते. तिथे सहसा कुणी जात नाही. तो बावीस वर्षं अशाच खोल्यांमधून वावरत होता. खालची माणसं वर जायची, वरची खाली यायची आणि हा त्या दोरांच्या वरच्या टोकाला, कुणालाच न दिसणारा. मोटार बिघडली की हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. आतलं बेअरिंग गेलंय की नुसतं कुरकुरतंय, हे त्याला मिनिटभरात कळायचं. म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. बायको म्हणायची, “माझं डोकं दुखतं तेव्हा काही ऐकू येत नाही यांना.”

मुलीला घरात पक्कड म्हणत. एकदा धरलं की सोडायची नाही.

पक्कडला इंजिनिअरिंगला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक कॉलेज घरापासून चालत वीस मिनिटांवर, वर्गात चाळीस मुलं. दुसरं विद्यापीठ बसने पाच तासांवर, तिथे चाळीस तर नुसती वसतिगृहंच असतील. शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं.

“मी दोन्हीकडे जाऊन ऐकून येतो,” डॉक्टर म्हणाला.

“काय ऐकणार?” बायकोने विचारलं.

“मशिनं. ज्यांना मशिनं सांभाळता येत नाहीत, ते पोरीला काय सांभाळणार?”

मंगळवारी बापलेक लहान कॉलेजात गेले. वर्कशॉपमध्ये एकच जुनं लेथ मशीन होतं आणि बाही वर केलेले एक मास्तर. डॉक्टरने विचारलं, “जरा बघू?” मास्तरांनी मशीन चालू करून दिलं. स्क्रूड्रायव्हर लावताच डॉक्टरचा चेहरा उतरला. “याला तेल पोचत नाहीये.”

“मलाही शंका होतीच,” मास्तर म्हणाले.

मशीन बंद करून दोघांनी तेलाची नळी खोलली, गाळ काढला, परत बसवली. तास गेला, चहा दोनदा झाला. पक्कड खिडकीत बसून माहितीपत्रक वाचत होती. निघताना मास्तर म्हणाले, “शनिवारी या परत. तिकडे ड्रिल मशीनही खोकतंय.”

रस्ताभर डॉक्टर खुशीत होता. “माणूस बघितलास? पंधरा वर्षांपूर्वीच्या मुलांचीही नावं पाठ आहेत त्याला.”

“माझं विचारलं नाही,” पक्कड म्हणाली.



गुरुवारी विद्यापीठ. तिथल्या वर्कशॉपच्या दारात पहारेकऱ्याने हात आडवा केला. “पालक इथपर्यंतच. आत फक्त विद्यार्थी.”

डॉक्टर काचेबाहेर राहिला. आत एका ओळीत चौदा मशिनं चालू होती. काचेतून त्यांचा सगळा मिळून एकच आवाज येत होता, आणि त्या आवाजात वेगळं असं काहीच ओळखता येत नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही ऐकू आलं नाही. “आणा तो इकडे,” पक्कडने हात पुढे केला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ती आत गेली.

शिकवणाऱ्या बाईंना काहीतरी विचारून तिने पहिल्या मशीनला टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग दुसऱ्याला. तिसऱ्याजवळ एका मुलीने काही विचारलं, तशी पक्कडने मूठ तिच्या कानाला लावली. सातव्याजवळ ती थांबली. परत ऐकलं. बाईंनी ऐकलं. मग चार-पाच मुलंमुली रांगेत उभी राहिली, एकेक जण कान लावायला. पक्कड हातवारे करून सांगत होती. ते तिने कधी आणि कुठे शिकून घेतलं, डॉक्टरला आठवेना.

ती बाहेर आली तेव्हा कानाला ग्रीस लागलेलं होतं.

“सातव्याचं बेअरिंग जातंय.”

“बघ,” डॉक्टर लगेच म्हणाला, “एवढी माणसं, आणि एकाला पत्ता नाही. असल्या ठिकाणी काय राहायचं?”

“मी सांगितल्यावर सगळे ऐकायला आले, बाबा. आणि मला कुणी ओळखतही नव्हतं.”

डॉक्टरने काचेकडे पाहिलं. आत सातवं मशीन बंद करत होते. चार वर्षं घरात हिचा आवाज नसेल, हे त्याला तिथे, त्या एवढ्या गोंगाटात नीट ऐकू आलं.

“बसला पाच तास लागतात,” तो म्हणाला.

“मास्तरांकडे जायला वीसच मिनिटं. तुम्ही घ्या तिथे प्रवेश. पहिल्या दिवसापासून तुमचं नाव त्यांना पाठ.”

तो हसला. मग त्याने स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला, पण पक्कडने तो पिशवीत टाकून चेन लावून घेतली होती.

“तो माझा आहे.”

“होता.”

शनिवारी सकाळी पक्कडने विद्यापीठाला होकार कळवला. दुपारी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “माझा लाकडी दांड्याचा लांब चमचा कुणी घेतला?”

डॉक्टर तेव्हा वीस मिनिटांवर होता, ड्रिल मशीनला चमचा टेकवून, डोळे मिटून.