जांभूळ की पाणी?

मासवणहून जांभळं आणणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोईसरजवळ फळांची वाईन करणाऱ्या कारखान्यात मी रसाची गोडी मोजते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. माझं यंत्र दुर्बिणीसारखं दिसतं, म्हणून काका विचारतात, “बाय, गोडी लांबून येताना दिसते काय?” ते स्वतः जांभूळ चाखून, डोळे मिटून आकडा सांगतात.

परवा यंत्राने काकांच्या आकड्यापेक्षा गोडी फारच कमी दाखवली. म्हणजे अख्खा टेम्पो परत, आणि इतकं पिकलेलं जांभूळ दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. मॅनेजर नकाराची मान हलवणार, तोच काका हसले.

“जांभलं धुऊन पुसली नाय ना? बाय, तू पानी मोजलंस!”

खरंच होतं. फळं पुसून पुन्हा रस काढला, तर आकडा काकांनी सांगितलेलाच निघाला. माझे कान तापले. मॅनेजर काही बोलणार, त्याआधीच काका म्हणाले, “सायेब, हिला वरडू नका. आमची नात बारावीला हाय. तिला हिच्याच हाताखाली शिकायला धाडनार हाय मी.”

मॅनेजर हसले आणि टेम्पो रिकामा होऊ लागला.