कवडूभाऊंचं पाणी

अकरा मासे मी मारले आणि आळ आला कवडूभाऊंवर. हे मी गावात सांगून पाहिलं, पण कोणी मनावर घेतलं नाही. शाळेतल्या मॅडमवर कोण आळ घेणार? म्हणून आता लिहूनच ठेवते.

वडनेरपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. कवडूभाऊ ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, म्हणजे गावच्या नळाचं पाणी त्यांच्या हाती. रोज पहाटे उंच टाकीवर चढायचं, टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, मोजून कालवून टाकायची, मग पाणी सोडून गल्लीगल्लीतल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं आणि त्यात ओटी नावाच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन घरापर्यंत पोचलं. नाही झालं तर भाऊ पुन्हा शिडी चढतात, गुडघा कितीही कुरकुरू दे.

वीस वर्षांपूर्वी गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. तेव्हा सगळं गाव विहिरीचं पाणी प्यायचं. त्यात कवडूभाऊंची चार वर्षांची पुतणी गेली. त्यानंतर नळ आले आणि हे काम त्यांनी मागून घेतलं. आणखी एक गोष्ट ते कधी बोलत नाहीत, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या आजीला त्या विहिरीच्या ओट्यावर पाय ठेवू देत नसत. आता त्याच गावाच्या घराघरात कवडूभाऊंनी सोडलेलं पाणी जात होतं.

जानेवारीत पुण्याला नोकरी करणाऱ्या, आमच्याच गावच्या अमरने ग्रामपंचायतीला काचेची टाकी आणि तीत सोडायला अकरा मासे भेट पाठवले. झेंडावंदनाला पाहुणे येणार होते. मी हौसेने म्हटलं, मासे आजच सोडा, पोरं खूश होतील. कवडूभाऊंनी थेट नळाला पाइप लावून टाकी भरली. गावातलं सगळ्यात शुद्ध पाणी, मग माशांना कमी काय पडणार? दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही उताणे तरंगत होते.

बघ्यांमध्ये आनंदाबाई होत्या. सत्तरीच्या, आवाज खणखणीत, अर्ध्या गावाच्या मावशी. त्या म्हणाल्या, "विहिरीत मासे जगतेत, नळाच्या पाण्यात मरतेत. मंग आपण काय पिऊन राह्यलो रे बाप्पा?"

मी विज्ञान शिकवते, पण मासे का मेले ते मलाही ठाऊक नव्हतं. आठवडाभरात अर्धं गाव दोर-बादली घेऊन विहिरीवर गेलं. कवडूभाऊ विहिरीत पावडर टाकायला गेले, तर मावशींनी त्यांच्या हातची बादली हिसकली. "आता इथलेबी मासे मारतं काय?"

सरपंच लक्ष्मणरावांनी त्यांना बोलावून घेतलं. मी तिथेच होते.

"कवडू, पंधरा दिवस पावडर बंद ठेव. दुसरे मासे आणू. ते जगतीन, लोकं गप होतीन."

"मासे मेले तं दुसरे आणता येते, साहेब," कवडूभाऊ म्हणाले. "पोरगी नाई आणता येत. पावडर बंद होणार नाई. अन् मासे मी याच नळाच्या पाण्यात जगवून दाखवतो."

हिंगणघाटला धनंजयचं माशांचं दुकान आहे. माझ्या मनाला टोचणी होतीच, मीही सोबत गेले. धनंजयने सांगितलं, नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं, मग मासे सोडा. कवडूभाऊंनी ग्रामपंचायतीसमोर दोन ड्रम भरून ठेवले. तिसऱ्या दिवशी ओटीचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं नाही. सहा मासे सोडले आणि मासे मजेत फिरू लागले.

आठव्या दिवशी तेही गेले.

आता मात्र मला रडू आलं. आम्ही पुन्हा हिंगणघाट गाठलं. धनंजयने विचारलं, रोज काय काय करता? कवडूभाऊंनी मान ताठ करून सांगितलं: रोज सकाळी थोडं पाणी काढून ड्रममधलं भरतो, काच घासतो, खालची वाळू धुतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतो. खोटं नव्हतं ते. गावच्या मोठ्या टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली असते, ती वीस वर्षांत एक दिवसही चुकलेली नाही.

धनंजयने कपाळावर हात मारला. "जंतू धुवून टाकले ना तुम्ही!"

मग त्याने समजावलं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विष. काही जंतू तोच खाऊन जगतात. ते स्पंजवर आणि वाळूत वस्ती करतात आणि बसायला महिना-दीड महिना घेतात. नव्या टाकीत ते नसतातच, आणि कवडूभाऊ रोज त्यांना क्लोरीनच्या पाण्याने आंघोळ घालत होते.

"म्हणजे जंतू पाळाचे?" कवडूभाऊंनी विचारलं.

"हो."

"म्या?"

जन्मभर ज्यांच्यावर पावडर टाकली त्यांना आता घरात घ्यायचं! येताना बस वडनेरला आली तेव्हा कवडूभाऊ म्हणाले, "मॅडम, पाळतो जंतू. होऊन जाऊ द्या."

मग सुरू झाली बिनमाशाची टाकी. रोज सकाळी चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं आणि ते सडू द्यायचं, म्हणजे जंतूंना खायला अमोनिया मिळतो. धनंजयने दिलेल्या किटचे थेंब टाकायचे. इथे हिरवा रंग म्हणजे अमोनिया, पिवळा म्हणजे नाही. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं, रंग गडद हिरवा. येणारे-जाणारे हसायचे, "कवडूभाऊ, मासे दिसून नाई राह्यले!" भाऊ म्हणायचे, "अजून जागा तयार नाई त्याईची." स्पंजला हात लावायचा मोह त्यांना व्हायचा. मी पाहिलंय, हात पुढे जायचा आणि ते तो दुसऱ्या हाताने धरून मागे घ्यायचे.

मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं, गढूळ यायला लागलं. दोन घरांत जुलाब सुरू झाले. कवडूभाऊ दारोदार फिरून पाणी उकळून प्या म्हणून सांगत होते. लोक मान डोलवायचे आणि विहिरीवर जायचे. इतका राग मला गावाचा कधी आला नव्हता.

चौथ्या आठवड्यात हिरवा रंग उतरला. पण त्याच्या जागी नायट्राइट नावाचं दुसरं विष चढलं. भाऊंनी शिवी हासडली आणि आणखी दोन आठवडे थांबले. तेही उतरल्यावर त्यांनी दोनच मासे सोडले. दहा दिवसांनी आणखी दोन. स्पंज मळला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, तेही दोन दिवस ड्रममध्ये ठेवलेलं. एप्रिल संपत आला, चारही मासे जगले, चांगले गुबगुबीत झाले.

ग्रामसभेच्या दिवशी आनंदाबाई टाकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मागे सगळं गाव.

"आता सुधरलं पाणी," त्या म्हणाल्या. "मासे जगले म्हणजे झालं. उद्यापासून नळाचंच भरतो."

लक्ष्मणरावांचा चेहरा खुलला. माझाही. तीन महिन्यांचं ओझं उतरलं होतं. कवडूभाऊंनी फक्त गप्प बसायचं होतं.

ते गप्प बसले नाहीत. त्यांनी दोन काचनळ्या आणल्या. एकीत टाकीचं पाणी घेतलं, एकीत समोरच्या नळाचं. दोन्हींत ओटीचे थेंब टाकले. नळाचं पिवळं झालं, टाकीचं तसंच राहिलं.

"मावशी, पाणी सुधरलं नाई. नळाचं पाणी पहिलेबी चांगलंच होतं. या टाकीत मासे जगते, कारण याच्यात जंतू हायेत. म्याच पाळले. हे पेसान तं बिमार पडसान. विहिरीचंबी तसंच. मासे पाहून पाणी पेऊ नका."

"मंग ते अकरा मेले, ते?"

"ते पाणी तुमच्यासाठी होतं. म्या त्याईले दिलं. चूक माही होती, पाण्याची नाई."

"घाई माझी होती," मी मध्येच ओरडले. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. आनंदाबाई पदर सावरून निघून गेल्या आणि त्यांच्यामागे बायका. लक्ष्मणराव कपाळाला हात लावून म्हणाले, "जिंकलेला डाव हरला तू."

"हरलो तं हरलो," कवडूभाऊ म्हणाले. "खोटं सांगून पाणी पाजाचं नाई मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासोबत गल्लीतून निघाले. एकट्याने जाऊ देववेना. आनंदाबाई आपल्या नळाशी उभ्या होत्या. पायाशी पाण्याचा पितळी गुंड भरत होता, हातात पेला होता. त्यांनी घटाघट पाणी प्यायलं आणि तोंड वाकडं केलं.

"कवडू! केवढा वास मारते रे तुह्या पावडरीचा!"

तीन महिने मावशींनी कवडूभाऊंच्या पाण्याला नाव ठेवलं नव्हतं. पीतच नव्हत्या, तर नावं कशाला ठेवतील? कवडूभाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले.

"मारते, मावशी," ते म्हणाले. "मारतेच."