इतकं, की काय नाही?

"फार ऊन आहे हो," असं कुणी म्हटलं की नाना चालता चालता थांबायचे, छत्रीचं टोक जमिनीवर टेकवायचे आणि विचारायचे, "इतकं, की काय नाही?"

समोरचा गोंधळायचा. "काय नाही म्हणजे?"

"ऊन इतकं आहे की काय करता येत नाही? चालता येत नाही? शाळेत जाता येत नाही? तसं काही नसेल तर नुसतं ऊन आहे. चला."

नाना धुळ्यात आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि मी ड्रॉइंग. शाळेत शिकलेल्या कुणालाही 'टू काढा' हा प्रश्न आठवत असेल. वाक्यातला 'टू' काढायचा आणि अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहायचं. 'ही इज टू वीक टू वॉक' म्हणजे तो इतका अशक्त आहे की त्याला चालता येत नाही. बाकीचे मास्तर ही युक्ती पाठ करून घ्यायचे आणि मुलांना मार्क मिळायचे. नानांना ती युक्ती वाटतच नसे.

"मराठीत आपण 'फार' म्हणतो आणि मोकळे होतो," ते वर्गात सांगायचे. "चहा फार छान, चहा फार गरम. इंग्रजीत तसं चालत नाही. 'व्हेरी' नुसतं किती ते सांगतो. 'टू' दार लावतो. चहा व्हेरी हॉट असेल तर फुंकून प्या. टू हॉट असेल तर कप खाली ठेवा."

हे त्यांनी वर्गापुरतं ठेवलं असतं तर आम्ही सुखी झालो असतो. एकदा इंग्रज इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला आले. निरोपाच्या वेळी आमचे हेडमास्तर भारावून म्हणाले, "सर, यू आर टू इंटेलिजंट!" नाना माझ्या शेजारी उभे होते. ओठ न हलवता पुटपुटले, "इतके हुशार, की काय नाही?" मला हसू आवरेना. खोकल्याचं सोंग करत मी बाहेर पळालो. त्या हसण्याची किंमत म्हणून वर्षभर दर शनिवारी शाळेचे नकाशे मला रंगवावे लागले.

माझी सासुरवाडी सावद्याची. एकदा नाना माझ्याबरोबर तिकडे आले. स्टेशनावर केळीचे घड गाडीत चढत होते आणि काही घड बाजूला काढून ठेवले होते. व्यापारी म्हणाला, "हे फार पिकले, मास्तर."

"इतके, की काय नाही?"

"की मुक्कामापर्यंत टिकणार नाहीत. घ्या, घेऊन जा एक घड."

घड आम्ही आळीपाळीनं खांद्यावर वाहिला. नाना वाटभर खूश होते. "याला म्हणतात व्याकरणाचं फळ," असं त्यांनी मला वाटेत दोनदा ऐकवलं.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, शिरपूरकडच्या खेड्यातल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि बोलणं अस्सल खानदेशी. त्यांच्या हातची भाजी तोंडात घालून नाना एकदा माझ्यादेखत म्हणाले, "भलती तिखट शे."

अक्कांनी पोळी उलटता उलटता विचारलं, "इतली, की काय नही?"

नानांनी भाजी संपवली. ताटाशेजारचं पाणीसुद्धा त्यांनी त्या दिवशी विचारून घेतलं.

पुढं एका उन्हाळ्यात अक्कांच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी नानांना एकट्याला आत बोलावून सांगितलं की गाठ वेगानं वाढते आहे, पावसाळा संपेपर्यंत थांबलात तर बाई हाती लागणार नाही. मिशनच्या दवाखान्यात एक साहेब डॉक्टर होते, तेच असलं ऑपरेशन करू शकत. आम्ही अक्कांना गाडीत निजवून तिकडे नेलं. मी बरोबर होतो, कारण नानांना एकट्याला सोडवेना. वाटेत मीच दोनदा म्हणालो, "फार ऊन आहे." नानांनी काहीच विचारलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांचा कंपाउंडर दुभाष्याचं काम करायचा. नाना स्वतः इंग्रजीचे मास्तर, पण त्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कंपाउंडरनं अक्कांना कसं वाटतं विचारलं. अक्का म्हणाल्या, "भलती अशक्त शे मी."

कंपाउंडर साहेबांकडे वळला. "शी इज टू वीक, सर."

बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. भलती म्हणजे फार, आणि फार म्हणजे टू. आपल्यातल्या निम्म्या ग्रॅज्युएटांनी हेच म्हटलं असतं. पण साहेबांचं मन आधीच डळमळीत होतं. त्यांनी पुन्हा नाडी पाहिली, मान हलवली आणि हात धुवायला वळले. कंपाउंडर आम्हाला म्हणाला, "साहेब म्हणतात, बाईला ऑपरेशन सोसणार नाही. घरी न्या, दूध पाजा, पावसाळ्यानंतर आणा."

"वन मोमेंट, सर," नाना म्हणाले. "तिला 'व्हेरी' म्हणायचं होतं. 'टू' नव्हे."

साहेब टॉवेल हातात घेऊन थांबले. "तुमची खात्री आहे?"

नानांना खात्री कुठून असणार? 'व्हेरी' म्हणावं आणि टेबलावरच काही झालं तर त्या शब्दाचे धनी तेच. 'टू' म्हणावं तर आजच सगळं संपलं. आयुष्यभर ज्याच्या त्याच्या मागं प्रश्न घेऊन फिरणारा हा माणूस, आणि त्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग नाना खाटेजवळ गेले, धोतर सावरून खाली जमिनीवर बसले, अक्कांच्या तोंडाशी तोंड नेलं आणि खानदेशीत विचारलं, "इतली, की काय नही?"

अक्कांनी डोळे मिटले. नाना तसेच बसून राहिले.

"इतली," अक्का सावकाश म्हणाल्या, "की आते घर परत जावानी ताकद नही."

नाना उठले. "शी इज टू वीक टू गो होम, सर."

साहेबांनी पहिल्यांदाच आमच्याकडे न बघता अक्कांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉवेल खुंटीला अडकवून कंपाउंडरला म्हणाले, उद्या सकाळी तयारी करा.

ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ नाना बाहेर निंबाखाली उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. गाठ निघाली. दिवाळीपर्यंत अक्का अंगणात उभ्या राहून भाजीवालीशी भांडत होत्या, आणि तो आवाज ऐकायला मी मुद्दाम त्या गल्लीतून जायचो.

शाळेत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. नानांनी व्याकरणानं बायको वाचवली! हेडमास्तर पाहुण्यांना सांगायचे, मीही मीठमसाला लावून सांगायचो. नाना मात्र चिडायचे. "वाक्य तिचं होतं," म्हणायचे. "मी नुसतं भाषांतर केलं." आम्हाला तो त्यांचा विनय वाटायचा.

देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या थंडीत नाना गेले. तेराव्यानंतर मी अक्कांना भेटायला गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून मी आपली तीच गोष्ट काढली. टू आणि व्हेरी, साहेबांचा टॉवेल, सगळं.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, ते इंग्रजी तुम्हनं तुम्हाले ठावं. त्या खोलीमा सगळा जण मन्हाबद्दल बोलत व्हतात. यास्नी खाले बशीसन माले इचारं."

पदरानं त्यांनी तोंड पुसलं आणि दाराकडे बघत म्हणाल्या,

"आते माले कोन इचारी?"