नंदनवनातलं पुरलेलं पुस्तक

आधी नाव सांगतो, मग हकिकत. सुभद्राबाई, नंदनवन, नागपूर. यंदा आमच्या गावात वल्हांडणाचा सण रीतसर झाला तो त्यांच्यामुळे. मी सातवीत शाळा सोडून तेलाच्या घाण्यावर बसलेला माणूस, लिहिताना चुकेन. पण त्यांचं नाव पहिल्या ओळीत यावं एवढ्यासाठी लिहायला घेतलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, रोह्याकडचे. बरीच मंडळी इस्राएलला गेली, गावात पाच घरं उरली. सणाला काय आधी म्हणायचं नि काय नंतर, हे फक्त माझ्या वडिलांना पाठ होतं. गेल्या वर्षी तेही गेले. आमच्या चालीरीतींची जुनी छापील पुस्तकं मी गोळा करतो, पण वल्हांडणाच्या विधीचं शिळाछापाचं (दगडावर उमटवून छापलेलं), हिब्रूशेजारी मराठी अर्थ दिलेलं पुस्तक काही मिळत नव्हतं. मग तिकडे गेलेल्या आमच्यातल्याच एस्तेरबाईंचं इस्राएलहून पत्र आलं. त्यांचे यजमान नागपुरात रेल्वेत गार्ड होते. निघताना पुस्तकांची ट्रंक त्यांनी शेजारच्या सुभद्राबाईंकडे ठेवली होती, आणि त्यात ते पुस्तक होतं. सणाला तीन आठवडे उरले होते.

कोकणाबाहेर मी एकटा कधी गेलो नव्हतो. वर्धा येईपर्यंत दर स्टेशनाला खिशातलं पत्र चाचपलं. शुक्रवारी दुपारी नागपूरला उतरलो तर ऊन असं, की सावलीतसुद्धा पाय भाजावेत. रेल्वे क्वार्टरमध्ये कळलं, सुभद्राबाई नंदनवनात घर बांधून गेल्या. सायकलरिक्षा केली, तर रिक्षावाला दोनदा रस्ता चुकला. मी सारखा आभाळाकडे बघत होतो. सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ सुरू, मग शनिवारभर कुठल्या कामाला हात लावायचा नाही.

“काहून घाबरून राहिला गा?” रिक्षावाला म्हणाला. “सूर्य काही पळून नाही राहिला.”

“तोच तर पळतोय,” मी म्हणालो.

दार सुभद्राबाईंनीच उघडलं. साठीच्या, ठेंगण्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर. एस्तेरबाईंचं नाव काढताच त्यांनी मला आत ओढलं आणि भाकर, वांग्याची भाजी पुढ्यात ठेवली.

“मटन नाही, भेव नको धरू. एस्तेरताई आमच्या घरचं मटन खात नव्हती, तूही खाणार नाहीस. जेव.” आमच्या रीतीनं कापलेलंच मटण आम्हाला चालतं, हे त्यांना ठाऊक होतं.

अर्धी भाकर पोटात गेल्यावर मी ट्रंकेचं विचारलं. त्यांचा हात थांबला.

“ट्रंकेले उधई (वाळवी) लागली गा. ताईनं जाताना सांगतलं होतं, देवाचं नाव आहे, फाटलं तं रद्दीत देऊ नको, जमिनीत ठेव. तीन पुस्तकं होती. परसात पुरली.”

आमची रीत त्यांनी तंतोतंत पाळली होती. जमिनीत ठेवलेलं पुन्हा काढायचं नाही, असं वडील सांगत. इतक्या लांब येऊन मी हात हलवत परतणार होतो.

“तिन्ही फाटली होती?”

“दोनाचा तं भुगा. तिसरं धड होतं, पण पहिलं पानच खाल्लेलं. पहिलं पान गेलं तं पुस्तकात काय राहिलं?”

“मावशी, पहिलं पान म्हणजे कुठलं?”

त्यांनी दोन्ही तळवे जोडले आणि आपण मराठी पुस्तक उघडतो तसा वरचा तळवा उघडून दाखवला. मी भाकर तशीच टाकून उठलो.

“मावशी, आमचं पुस्तक उलट्या बाजूनं सुरू होतं. तुम्ही पाहिलं ते शेवटचं पान. पुस्तक जिवंत आहे, ते पुरायचं नव्हतंच.”

“म्हणजे म्या जितं पुरलं?”

“तुम्हाला कोण सांगणार होतं?”

ऊन भिंतीच्या कडेला गेलं होतं. मी विळा मागितला तर त्यांनी दिला नाही. “माह्या हातानं ठेवलं, माह्याच हातानं निघू दे. तू दिवस पाह्य.” लिंबाच्या बुडाशी त्यांनी माती उकरली. मडकं निघालं, तोंडाला मेणकापड बांधलेलं.

“ओलं काहून होऊ द्यावं? देवाचंच नाव ना,” त्या म्हणाल्या.

भुगा झालेल्या दोन पुस्तकांना आम्ही परत माती दिली. तिसऱ्याच्या उजव्या अंगाला नावाचं पान होतं, वेलबुट्टीसकट. बाकीची पानं दमटपणानं चिकटली होती. मी सोडवायला गेलो तर त्यांनी हातावर चापट मारली. “घरी जाऊन सावलीत वाळव. घाई कराशीन तं फाडशीन.”

हात धुऊन येतो तो त्यांनी ओट्यावर दोन वाती लावल्या होत्या. “एस्तेरताई लावत होती शुक्रवारी. मले याद आहे.” शनिवारभर त्यांनी मला काडी इकडची तिकडे करू दिली नाही. रविवारी निघताना संत्र्यांची पिशवी हातात दिली आणि दारात जरा घुटमळल्या.

“इतके वर्सं सांभाळलं गा, पण त्यात लिहिलं काय आहे, ते मले माहीत नाही.”

पानं सुटायला दोन आठवडे लागले. सणाला आमची पाच घरं एकत्र बसली. हिब्रूतलं म्हाताऱ्यांनी म्हटलं, मराठी मी वाचलं, अडखळत. गुलामीतून सुटलेल्या लोकांची गोष्ट आहे ती. शेवटचं पान नाही, तिथे आम्ही वडिलांचं आठवेल तेवढं म्हटलं.

दिवाळीनंतर घाण्याचं काम हलकं होतं. तेव्हा हे पुस्तक घेऊन मी नंदनवनात जाणार आहे, आणि लिंबाखाली बसून मावशींना सगळं वाचून दाखवणार आहे, उजवीकडून.