बुधवारचा शिळा केक

जॅनिस ओल्डरॉइडला नोकरीवरून काढलं ते केक चोरल्याबद्दल, आणि तोही शिळा. निदान ताजा तरी चोरला असता तर बदनामीचं काही चीज झालं असतं, असं ती स्वतःच म्हणायची.

थॉर्नली गावाबाहेरच्या रोपवाटिकेत एक कॅफे आहे, तिथं ती बावीस वर्षं केक करत होती. मंगळवारी संध्याकाळी उरलेले केक डब्यात भरायचे आणि बुधवारी चॅपलच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांच्या चहाला न्यायचे, ही तिची जुनी रीत. आधीच्या मालकानं ‘ने की, टाकून काय द्यायचं’ म्हटलं होतं. ते लिहून कोण ठेवतो? मग मालक बदलले आणि गॅरेथ स्टॉट नावाचा तिशीतला मॅनेजर आला. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. एप्रिलमध्ये वरच्या कचेरीतून कोणी तपासायला आलं, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी जॅनिस गाडीत डबा ठेवताना दिसली. उरलेलं कचऱ्यात टाकायचा नियम होता म्हणे. स्टॉटनं हात वर केले, मला यातलं काही ठाऊकच नव्हतं म्हणाला, आणि तीन दिवसांत बाईंना घरी बसवलं.

घरी बसणं तिला तसं जड गेलं नाही. परसात वाल आणि कांद्याच्या जातीचे लीक होते, गुडघ्यांना आराम मिळाला, सकाळी सातचा चहा कधी नव्हे तो बसून पिता आला. जिव्हारी लागलं ते वेगळंच. त्यानंतरच्या बुधवारी तिनं घरच्या ओव्हनमध्ये, घरच्या लोण्याचा लिंबाचा केक केला आणि हॉलमध्ये नेला. एक्क्याण्णव वर्षांच्या एथेल शॅकल्टनबाईंनी बशी पालथी घातली. “मी इतकी वर्षं चोरीचं खात होते?” एवढंच म्हणाल्या आणि कोट चढवून निघाल्या. बाकीच्यांनी नुसता चहा घेतला. पुढच्या बुधवारपासून एथेलबाई आल्याच नाहीत. जॅनिसनं कामगार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली ती त्या पालथ्या बशीपायी.

शेजारचे नॉर्मन लम तिच्या मदतीला धावले. वय शहात्तर. गालिच्यांच्या गिरणीत चाळीस वर्षं युनियनचं काम केलेलं, त्यामुळे भांडण म्हटलं की गडी खुलायचा. दर रविवारी ते बगलेत फाईल मारून तिच्या स्वयंपाकघरात हजर. एकेका कागदाला भोक पाडायचे, कोपऱ्यात शाईनं आकडा घालायचे. ते दोन तास जॅनिसला मनापासून आवडायला लागले होते. किटली चालू, खिडकीत ऊन आणि समोर कोणीतरी तिच्या बाजूनं तावातावानं बोलतंय.

“पेन्सिलीनं घाला ना आकडे,” ती म्हणायची. “नवीन कागद आला तर?”

“पेन्सिलीनं मालक लोक लिहितात, पोरी. खोडता येतं म्हणून.”

खरी अडचण एकच होती. स्टॉटला केकचं ठाऊक होतं, हे दाखवायचं कसं? कॅफेतल्या सगळ्यांना माहीत होतं, पण साक्षीचं नाव काढलं की प्रत्येकीला घराचे हप्ते आठवायचे. जॅनिस कोणाला दोष देत नव्हती.

“कॅफेतून आलेला एखादा तरी कागद असेल,” ऑगस्टातल्या एका रविवारी नॉर्मन म्हणाले. “काहीही. वाढदिवसाची चिठ्ठीसुद्धा चालेल.”

“निरोपाचं कार्ड आहे. उघडलं नाही मी. काढून टाकलेल्या बाईला कसला आलाय निरोप?”

तिनं खणातून पाकीट काढलं. हे कार्ड कसं फिरतं ते नॉर्मनना सांगायची गरज नव्हती. कोणी नोकरी सोडतंय म्हटलं की एक भलंमोठं कार्ड पाकिटात घालून टेबलोटेबल गुपचूप सरकवायचं, आणि ज्याच्यापुढे येईल त्यानं दोन गोड ओळी लिहून पुढे ढकलायचं. माणूस का जातोय, हे कोणी विचारत नाही. गिरणीत तर जिच्याशी दहा वर्षं अबोला होता, तिच्या कार्डावरही नॉर्मननी ‘आठवण येईल’ लिहिलं होतं.

जॅनिस एकेक ओळ वाचत गेली, डोळे पुसत गेली. मग एकदम थांबली. “अगंबाई. यानंही लिहिलंय.”

“कोणी?”

“स्टॉटनं. ऐका. ‘जॅनिस, तुझी उणीव भासेल. आणि बुधवारच्या डब्यातून माझ्यासाठी काढून ठेवायचीस त्या कॉफी-अक्रोडाच्या तुकड्याची तर फारच! शुभेच्छा, गॅरेथ.’”

नॉर्मन इतके हसले की त्यांना कवळी सावरावी लागली. “हा बाबा चोर म्हणून तुला काढतो, आणि चोरीतला आपला वाटा सही करून लिहून देतो! वर उद्गारचिन्ह! समोर कार्ड आलं, हातात पेन होतं, झालं.” याच पुराव्यासाठी फाईलीत मोकळा ठेवलेला सत्त्याऐंशी आकडा त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात घातला, तो अगदी सावकाश, चवीनं.

“हे मी आधी एथेलबाईंना दाखवणार,” जॅनिस म्हणाली.

“पुरावा असा गावभर मिरवायचा नसतो, पोरी.”

“गावभर नाही. एका घरी.”

एथेलबाईंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. जॅनिसनं फटीतून कार्ड आत सरकवलं. आत भिंगाची शोधाशोध झाली. मग साखळी खळकन निघाली.

“तो खायचा?”

“दर बुधवारी.”

“आणि मी चार महिने बिस्किटांवर काढले!” म्हातारीचा पारा चढला होता. “माझं चुकलं, जॅनिस. तुला विचारायला हवं होतं मी. विचारलंसुद्धा नाही.” तिनं जॅनिसचा हात धरला तो सोडेचना. “त्या नॉर्मनला बोलाव. मलाही जबानी द्यायचीय.”

जबानी तीन ओळींची झाली. डबा उघड्यावर, हॉलच्या पुढल्या दारातून यायचा, झाकणावर कॅफेचं नाव असायचं. आपण ते स्वतः पाहिलं. लपवाछपवी कधी नव्हती. एथेलबाईंचा आग्रह असा की ती कार्डाला लागूनच हवी. म्हणजे पान अठ्ठ्याऐंशी, आणि त्यापुढच्या बावन्न कागदांना नव्यानं आकडे घालायचे, शाईनं. नॉर्मननी एक सुस्कारा सोडला आणि निमूटपणे पेनचं टोपण काढलं.

लीड्सच्या न्यायाधिकरणापुढची तारीख नोव्हेंबरातली होती. तिथं काय होईल ते होवो, जॅनिसनं बुधवारी लिंबाचा केक केला. हॉलमध्ये सगळ्यांचा चहा ओतून झाला होता. एथेलबाई आल्या, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बशी पुढे केली.

“मोठा तुकडा दे,” त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या. “काय बघताय रे? चोरीचा नाहीये. कधीच नव्हता. खा.”

एकामागून एक अकरा बश्या पुढे आल्या. जॅनिसच्या डोळ्यांना अशी धार लागली की तिला सुरी धरवेना, आणि केक एथेलबाईंनाच कापावा लागला.