ब्राझीलबाईचा दत्ताराम

शुक्रवारी सकाळी आमच्या शारजातल्या अल मजाजच्या घरी फोन वाजला की तो बहुधा भिकाजीचा असतो आणि बहुधा काही कामाचा नसतो. म्हणून मी चहाचा शेवटचा घोट घेऊन, पेपरची घडी घालून मगच उचलला. भिकाजी नेहमीसारखा "यल्ला, उठला की नाही अजून?" असं ओरडला नाही. नुसता म्हणाला, "दत्ताराम गेला रे." फोनमधून त्याच्या गाडीच्या एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. गावी, भावाच्या घरी, दुपारी जेवून दत्ताराम मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. चहाला आला नाही. झोपला असेल म्हणून कुणी हाक मारली नाही. दिवेलागणीला भावजय बघायला गेली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मी फोन ठेवला तशी लेकीनं विचारलं, "हू डाइड, बाबा?" मी नाव सांगितलं. तिनं जरा आठवून पाहिलं. "ओह... द हेन अंकल?" हो बाई, तोच. उमेदीची सगळी वर्षं या वाळवंटात घालवलेल्या माणसाची आमच्या घरातली ओळख एवढीच, आणि ती चुकीची होती असं मला म्हणवत नाही.

नव्वदच्या दशकात दुबई-शारजाच्या हद्दीवर, अल कुसैसला एका जुन्या इमारतीत आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मी एका ट्रेडिंग कंपनीत हिशेबनीस, भिकाजी ड्रायव्हर, आणि दत्ताराम शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका कोल्ड स्टोरेजमध्ये. बाहेर अंगाची लाही होत असताना हा माणूस कानटोपी, हातमोजे आणि जाड कोट घालून गोठलेल्या कोंबड्यांचे खोके रचायचा. खोके सगळे ब्राझीलहून यायचे. गुहागरकडचा, काटक, चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा. धाकट्या बहिणींची लग्नं आणि भावाचं शिक्षण करता करता स्वतःचं राहून गेलं, हे तो सांगायचा नाही, आम्हीच जोडून घेतलं होतं. मुळात तो बोलायचाच नाही. शुक्रवारी आम्ही घरी फोन करायला बूथवर रांग लावायचो तेव्हा तो आमच्याबरोबर यायचा, बाहेर उभा राहायचा आणि परत यायचा. आई होती तोवर त्याचाही फोन व्हायचा. ती गेल्यावर मी एकदा म्हटलं, "भावाला तरी कर." तर म्हणाला, "तो विचारतो, काय काम होतं? आता काम काय सांगू?" त्याच्याशी एका खोलीत राहणं म्हणजे एखाद्या सभ्य कपाटाबरोबर राहण्यासारखं होतं.

तर त्या वर्षी गटारी जवळ आली. कोकणातला माणूस गल्फात जाऊन सगळं विसरेल, पण श्रावण लागायच्या आधीची कोंबडी विसरणार नाही. भिकाजीनं मसाला गावाहून मागवून ठेवला होता. दत्ताराम म्हणाला, "कोंबडी मी आणतो. पण जिवंत. वर्षभर गोठलेली उचलतो, सणाला ती ताटात नको." एरवी न बोलणाऱ्याचा एवढा हट्ट म्हटल्यावर आम्ही मान डोलावली. त्यानं दुपारीच पक्षीबाजारातून एक तांबूस कोंबडी आणली, खोक्यात घातली, वर सुतळी बांधली आणि खोकं कोल्ड स्टोरेजच्या दारापाशी सावलीत ठेवलं. सावली असली तरी महिना जुलैचा. संध्याकाळी कंटेनर उतरवण्याच्या गडबडीत कोंबडीनं खोकं फाडलं आणि ती पसार झाली. सगळ्यांनी रस्त्यावर शोधलं, ट्रकांखाली शोधलं. शेवटी दत्तारामनं फ्रीझरचं दार लावलं, कडी घातली आणि रिकाम्या हातानं घरी आला. आम्ही गटारीला अंड्याची आमटी खाल्ली आणि त्याची यथेच्छ टिंगल केली. जनावरालासुद्धा उन्हाळ्यात गारव्याला जायचं सुचतं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

सकाळी दार उघडलं तर ती आत. प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यातून सरळ फ्रीझरमध्ये शिरली होती आणि खोक्यांच्या मागे, लाकडी फळ्यांवर, पिसं फुगवून बसली होती. भोवती ब्राझीलच्या हजारो कोंबड्या आणि मधोमध ही एकटी जिवंत. तुरा पांढराफटक, पाय लाकडासारखे. कुणी म्हणे उन्हात ठेवा, कुणी म्हणे गरम पाणी ओता. दत्तारामनं तिला कोटाच्या आत घातलं आणि सुट्टी न मागताच खोलीवर आला. मी तेव्हा ऑफिसला निघालो होतो, त्याच्याकडे बघून थांबलो. त्यानं घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून बघितलं, जसं तान्ह्या मुलाचं बघतात तसं, आणि तिचे पाय त्यात सोडले. हळूहळू पाय सुजले, लाल झाले, आणि मग ती ओरडायला लागली. तसं ओरडणं मी कोंबडीच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. दत्ताराम घमेल्यापाशी उकिडवा बसून रडत होता. आईच्या वेळीसुद्धा तो आमच्यासमोर रडला नव्हता.

भिकाजी व्यवहारी माणूस. संध्याकाळी येऊन म्हणाला, "एवढे हाल कशाला? सोडव बिचारीला. मसाला आहेच." दत्ताराम म्हणाला, "श्रावण लागला." झालं! आता महिनाभर सुरी नाही, आणि आमच्यात गणपती झाल्याशिवाय मांसमच्छी नाही. भिकाजीनं बोटं मोजून जाहीर केलं, "ठीक आहे. गौरी-गणपती गेले की बघू." त्या एका सबबीवर कोंबडी आमच्या खोलीत राहिली. नावही भिकाजीनंच ठेवलं, ब्राझीलबाई.

दत्ताराम तिला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मला बरोबर नेलं, कारण इंग्रजी मी बोलणार. तिथे सगळे अरब शिकारीचे ससाणे घेऊन बसलेले, हातावर चामड्याचे मोजे, ससाण्यांच्या डोक्यावर टोप्या. आमच्याकडे टॉवेलात कोंबडी. सुदानी डॉक्टरनं मी सांगितलेलं ऐकून चष्मा काढला. "फ्रॉस्टबाइट? इन जुलाय? हबीबी, धिस इज शारजा!" पण पाय बघितल्यावर हसायचा थांबला. मलम दिलं आणि बजावलं की काळं पडेल ते कापू नका, ओढू नका, शरीर स्वतःच ठरवेल काय सोडायचं आणि काय ठेवायचं. मी त्याचं मराठी करून सांगितलं. दत्तारामनं ते दोनदा सांगायला लावलं.

शरीरानं ठरवायला जवळजवळ सबंध श्रावण घेतला. तुऱ्याची टोकं काळी पडून वाळली. बोटं आधी फोड येऊन, मग काळी होऊन, कोळशाच्या काड्यांसारखी झाली. तिला उभं राहता येत नव्हतं. पॅकिंगच्या फोमवर जुनी लुंगी घालून तो तिला ठेवायचा, कामावर जाण्याआधी आणि आल्यावर लुंगी बदलायचा, मलम लावायचा, भिजवलेले तांदूळ तळहातावर धरायचा. बोटं गळायला लागली तेव्हा ती लुंगीत सापडायची. ती कागदात गुंडाळून तो इमारतीमागच्या कडुनिंबाखाली पुरून यायचा. गणपती झाले तेव्हा तिच्या पायांचे नुसते खुंट उरले होते. भिकाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मसाल्याचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

त्रास खरा पुढेच सुरू झाला. बाईंना एसी सोसेना! एसी धडकन सुरू झाला की ती थरथर कापत कपाटामागे घुसायची. मग दत्ताराम उठून तो बंद करणार आणि आम्ही दोघं घामानं निथळत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. मी तर स्पष्ट सांगितलं, एक तर ती राहील नाही तर मी. मी गेलो नाही, तीही गेली नाही. शेवटी तोड त्यानंच काढली. आपली गादी एसीसमोर जमिनीवर टाकली आणि तिचा थर्माकोलचा खोका आपल्यामागे ठेवून वाऱ्याला आडवा झोपायला लागला. दिवसभर गारठ्यात काम केलेला माणूस रात्रीही तोच वारा अंगावर घ्यायचा. खोकल्यानं हैराण व्हायचा, पण जागा बदलली नाही.

ती चालायला शिकली. फरशीवर टक टक आवाज करत, झोकांड्या खात, पण चालायची. त्यानं तिच्यासाठी सायकलच्या ट्यूबचे बूट केले होते. तिनं ते टोचून टोचून फाडले. मग एक दिवस कपाटामागे अंडं सापडलं. ते कुणी खावं यावर वाद घालावा इतकी ती आता घरची झाली होती. आणि दत्ताराम... तो बोलायला लागला होता. आमच्याशी नव्हे, तिच्याशी. सहाच्या बसनं धावत यायचा, बूट काढायच्या आधी खाली बसायचा आणि सबंध दिवस तिला सांगायचा. सुपरवायझर काय म्हणाला, कुठला खोका फुटला, वाटेत वारा कसा सुटला होता. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, तिला काय कळतंय?" तो म्हणाला, "कळत नाही, पण ती दाराकडे बघत बसलेली असते. माझ्यासाठी कोण बसलंय दुसरं?" माझ्या उशीखाली बायकोचं पत्र होतं.

आणखी एक गोष्ट, ती फ्रीझरमध्ये सापडली त्या दिवसापासून सुरू झाली होती. दत्ताराम कुठलंही दार लावण्याआधी हाक मारायचा. खोलीचं दार असो, मोरीचं असो, फार काय कपाटाचं असो. "कोण आहे का आत?" मग थांबायचा. ऐकायचा. मग लावायचा. आम्ही त्याला खूप छळलं त्यावरून. भिकाजी कपाटात तोंड घालून "मी आहे, मी!" म्हणून ओरडायचा. दत्ताराम कधी चिडला नाही. एकदाच म्हणाला, "त्या संध्याकाळी दार मीच लावलं ना. एक हाक मारली असती, तर ओरडली असती ती."

पुढे माझं कुटुंब आलं, मी अल मजाजला घर घेतलं. शुक्रवारी लेकीला घेऊन कोंबडी दाखवायला जायचो. दत्तारामच्या भावानं गावी घर बांधलं आणि त्याला परत बोलावलं. वय झालं होतं, खोकला होता, सगळे म्हणत होते की खलास, आता जा. तो म्हणायचा, "हिला कोण बघणार?" भिकाजी चिडला. "घरी जायला माणसं इथं तडफडतात, आणि हा कोंबडीसाठी व्हिसा वाढवतो!" मला तेव्हाही वाटायचं की प्रश्न कोंबडीचा नाही. तिथे दाराकडे बघत बसणारं कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एका हिवाळ्यात ब्राझीलबाई झोपेतच गेली. त्यानं तिला कडुनिंबाखाली, तिच्या बोटांशेजारी पुरलं आणि उन्हाळ्याच्या आत व्हिसा रद्द करून निघून गेला. गावाहून एकदा फोनवर म्हणाला, "इथं सगळं आहे रे. पंखा आहे, टीव्ही आहे, माणसं आहेत..." मीही काय काम होतं असं विचारलं नाही, एवढंच.

बातमी आल्यानंतर काही दिवसांनी मी कोल्ड स्टोरेजवर गेलो. कुणाला तरी सांगायला हवं असं वाटत होतं. गावच्या त्या मागच्या खोलीच्या बंद दाराबाहेरून कुणी हाक मारली नाही, हे मनातून जात नव्हतं. तिथे जुनं कुणीच राहिलं नव्हतं. सुपरवायझर केरळला गेलेला. सुट्टीची वेळ झाली होती आणि साधारण माझ्याच वयाचा एक नेपाळी माणूस फ्रीझर बंद करत होता. त्यानं प्लास्टिकच्या पट्ट्या हातानं बाजूला केल्या, डोकं आत घातलं आणि ओरडला, "कोई है अंदर?" मग थांबला. कान देऊन ऐकलं.

मी दोन पावलं पुढे गेलो. विचारलं, "ये क्यों पुकारते हो?"

"पता नहीं साब. मैं आया तब से सब ऐसे ही करते हैं. रूल होगा."

"दत्ताराम को जानते थे?"

"कौन?"

त्यानं दाराला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "भाई, एक बार और पुकारो." त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण पट्ट्या पुन्हा बाजूला केल्या आणि पुन्हा हाक मारली. आम्ही दोघं उभे राहून ऐकत होतो. आतला गारवा पावलांवर येत होता. मग त्यानं दार लावलं.