हॅनाच्या घरची खबर

सुषमाचं काम ऐकणाऱ्याला सोपं वाटे. उधन्यातल्या एका ऑफिसात बसून अमेरिकेतली जुनी, हाताने लिहिलेली पत्रं कॉम्प्युटरवर वाचायची आणि चुकांसकट जशीच्या तशी टाईप करायची. दुपारपर्यंत डोळ्यांना पाणी येई, मान आखडून जाई.

सहा आठवडे तिच्या वाट्याला एकाच बाईची पत्रं येत होती. ओहायोतली हॅना, साल १८५७. दूर दिलेल्या धाकट्या बहिणीला ती घरचं सगळं कळवायची. गाय आटली, नवऱ्याच्या पायाला कुऱ्हाड लागली, छोट्या एलायझाला दात येताहेत. सुषमाचा नवरा वाल्मिक पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये दुसऱ्या पाळीला, म्हणून संध्याकाळी गोडादऱ्याच्या घरी ती आणि सासू सुभद्राबाई, दोघीच.

"त्या बाईनं काय व्हयनं व?" सुभद्राबाई दारातच विचारत.

एकदा एक शब्द काही केल्या लागेना. "साबणासाठी राखेचं काहीतरी केलंय, आई. शाई पसरलीय."

"राखनं पानी निवाळी लिधं व्हई. आम्हीबी कपडा धवाले तेच लेवूत."

सुषमाने दुसऱ्या दिवशी डिक्शनरी धुंडाळली. राखेच्या निवळलेल्या पाण्याचा इंग्रजी शब्द तिथे बरोबर बसला.

मग नोव्हेंबरचं पत्र आलं. वर हवापाणी, खाली साबणाच्या वड्या, आणि मधे दोन ओळी: एलायझा मंगळवारी गेली, घसा सुजला होता. सुषमाची बोटं त्याच वेगाने पुढे गेली. वड्यांचा हिशोब टाईप करून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण काय टाईप केलं ते.

घरी आल्यावर तिने आधी साबणाचंच सांगितलं.

"आनि पोर?"

सुषमा भिंतीला टेकून बसली. मग सांगितलं.

सुभद्राबाईंनी निवडायची गवार बाजूला सारली. "बहीन उनी का तिनी?"

"पत्र पोचायलाच तीन आठवडे लागायचे, आई. बहीण येणार कधी?"

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर गोदामाच्या पावत्या होत्या. हॅनाची पुढची पत्रं दुसऱ्या ऑफिसला गेली, असं सुपरवायझर विकासने सांगितलं. "तुला काय फरक पडतो? पानं तेवढीच."

दोन-तीन दिवस सुभद्राबाईंनी विचारलं. मग सोडून दिलं. आता सुषमा येते, चपला काढते, आणि दोघी गवार निवडत बसतात. सांगण्यासारखं फारसं काही नसतं.